शहागंजचा डमी

तेव्हाच्या औरंगाबादेत शहागंजच्या घड्याळावरून चेलीपुऱ्याकडे निघालं की एका गल्लीत, जुन्या माडीवर, मास्तरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खाली मिरची-मसाल्याचं दुकान. जिना चढताना मिरचीचा खकाणा नाकात जायचा आणि पहिल्या दिवशी येणारा प्रत्येक विद्यार्थी शिंकतच दारात उभा राहायचा. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "या. प्रवेश झाला."

बाहेरचं घड्याळ तेव्हा बंद होतं. निजामाच्या राजवटीत उभारलेल्या त्या मनोऱ्याचे काटे कित्येक वर्षं जागचे हलले नव्हते. अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात ते पुन्हा सुरू झाले. माडीवर मात्र सगळा हिशेब मिनिटाचा. मिनिटाला ३० शब्द, मग ४०, मग ५०, मग ६०. पुण्याच्या परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र मिळालं की पोरगं कचेरीत चिकटायची आशा. या आशेवर मास्तरांनी दोन मुलींची लग्नं केली होती.

२००६ साली मास्तरांनी खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. पलीकडे टाइपरायटर राहिले आणि अलीकडे आठ कॉम्प्युटर आले. दारावर 'सायबर कॅफे' अशी पाटी लागली, तासाला पंधरा रुपये. टायपिंगचे विद्यार्थी घटत होते आणि कॅफेत पोरं मावत नव्हती, त्यामुळे मास्तरांना यात वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि मास्तर ते कापून भिंतीला डकवायचे. वीज गेली की अलीकडच्या बाजूला एकदम शिव्यांचा गलका उठायचा. पलीकडे मात्र टकटक चालूच. त्या यंत्रांना विजेशी काही देणंघेणं नव्हतं.

कॅफे सांभाळायला छोट्या होता. सतरा वर्षांचा, अकरावीत. त्याची आई शहागंजच्या मंडईत भाजी घेऊन बसायची. सकाळी आठला शटर उघडायचं, फरशी पुसायची, कोण किती वाजता बसलं ते वहीत लिहायचं, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा कॅफे. महिना पाचशे रुपये, आणि रात्री दहाला शटर अर्धं ओढलं की हवं तेवढं फुकट खेळायची मुभा. पगारापेक्षा त्याला या मुभेचं मोल जास्त होतं.

पोरं खेळायची ते रॅग्नारोक. कोरियातला खेळ, २००२ साली निघालेला. भारतातल्या पोरांसाठी त्या काळात त्याचा वेगळा सर्व्हर निघाला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. खेळणारा सुरुवातीला नॉव्हिस असतो, म्हणजे कोरा उमेदवार. हातात किरकोळ हत्यार, अंगात साधा सदरा. प्राँटेरा नावाच्या राजधानीबाहेर पोरिंग नावाचे गुलाबी, जेलीसारखे लिबलिबीत गोळे उड्या मारत असतात, त्यांना बडवत बसायचं. एक मेला की थोडा अनुभव मिळतो. अनुभव साठला की लेव्हल वाढते. गंमत अशी की नॉव्हिसला सुरुवातीला खाली बसतासुद्धा येत नाही. बसणं हे कौशल्य आहे, तेही दोन-तीन लेव्हल घासल्यावर मिळतं. आणि बसल्याशिवाय दम लवकर भरत नाही, म्हणून मार खाल्लेला नवखा मैदानात नुसता उभा राहून धापा टाकत असतो.

पुढे इझ्लूड नावाच्या बंदरावर जाऊन परीक्षा दिली की तो तलवारबाज होतो, आणि बऱ्याच काळाने नाईट, म्हणजे पेको नावाच्या भल्यामोठ्या पक्ष्यावर बसणारा सरदार. सर्वांत वरची लेव्हल ९९. मेलात तर त्या लेव्हलच्या अनुभवातला एक टक्का जातो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ऐंशीच्या पुढे एक टक्का म्हणजे पोराच्या दोन-दोन रात्री.

कॅफेतल्या टोळीचा म्होरक्या होता एका कापड दुकानदाराचा मुलगा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, नवी कोरी मोटारसायकल, खिशात मोबाइल. सगळे त्याला शेठ म्हणायचे. टोळीला एका किल्ल्याचा ध्यास लागला होता. या खेळात आठवड्यातल्या ठरलेल्या वेळी किल्ल्यांची लढाई लागते. आतलं एम्पेरियम नावाचं स्फटिक जो फोडेल त्याच्या टोळीचा किल्ला. आणि तो किल्ला तेव्हा सिडको या नव्या वसाहतीतल्या एका कॅफेच्या पोरांकडे होता. जुन्या शहरातल्या पोरांना सिडकोवाल्यांनी हरवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला जास्त सांगायला नको. ज्याला कळत नाही त्याने गुलमंडीवर उभं राहून विचारून पाहावं.

म्होरक्या म्हटल्यावर शेठकडे जबर नाईट हवा. त्याने पात्र काढलं, नाव ठेवलं 'अंबरकिंग'. पंचवीसपर्यंत कसंबसं खेळला आणि कंटाळला. तोच ऑर्क नावाचा राक्षस, तीच गुहा, तेच मारणं. एके रात्री तो छोट्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू रोज रात्री बसतोसच ना? माझा चालव. लेव्हलमागे वीस रुपये. सत्तरच्या पुढे पन्नास."

छोट्याने मनात गुणाकार केला. आईच्या टोपलीत चांगल्या दिवशीही एवढं उरत नव्हतं.

"भैय्या, एक विचारू? लवकर पाहिजे का दणकट?"

"म्हणजे?"

छोट्याने समजावून सांगितलं. दर लेव्हलला काही गुण मिळतात. ते ताकदीत घाला, चपळाईत घाला, नाहीतर सोसण्यात घाला. एकदा घातले की परत काढता येत नाहीत. चपळाईचा नाईट वार चुकवतो, दोन हातांची तलवार भराभर चालवतो, एकटाच शिकार करत हिंडतो, म्हणून त्याची लेव्हल झरझर चढते. सोसण्याचा नाईट मठ्ठ असतो. एकट्याने काही जमत नाही, औषधांच्या बाटल्या पिऊन पिऊन पैसा संपतो, लेव्हल मुंगीच्या पावलाने. पण किल्ल्याच्या दारात उभा राहतो तो हाच.

"दोन्ही नाही होत?"

"गुण तेवढेच मिळतात, भैय्या."

शेठने क्षणभर विचार केल्यासारखं केलं. "लवकर. दिवाळीला नव्वद दिसला पाहिजे."

इथे छोट्याचंही चुकलं असं माझं मत आहे. त्याला ठाऊक होतं की किल्ल्यासाठी हा नाईट कुचकामी ठरेल. पण गिऱ्हाईक म्हणेल ते कापड फाडायचं, आणि लेव्हल झरझर चढली तर पैसेही झरझर मिळणार होते. त्याने मान डोलावली आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

पावसाळाभर छोट्या अंबरकिंग झाला. ऑर्कांची गुहा, मग मोरोकच्या वाळवंटातला स्फिंक्स, मग ग्लास्टहाइमचा पडका किल्ला, जिथे रेडरिक नावाची रिकामी चिलखतं तलवार घेऊन चालून येतात. एफ-वन ते एफ-नाइन अशा नऊ कळांवर त्याने सगळं बसवलं होतं, बाटली कुठे, वार कुठे, पळ कुठे. कळफलकाकडे तो पाहायचाच नाही. तीन चिलखतं एकदम अंगावर आली की चपळाई उणी पडत जाते, हे त्याला आकडा न वाचता अंगाने कळायचं. मग तो दारापर्यंत मागे सरकायचा, एकेकाला खेचून घ्यायचा आणि संपवायचा. एका रात्री वेळापत्रकात नसताना वीज गेली. अंबरकिंग रेडरिकांच्या मध्ये नुसता उभा राहिला असणार. वीज आल्यावर छोट्याने पाहिलं तर एक टक्का उतरलेला. त्या रात्री तो जेवला नाही. आईला वाटलं, पोराचं कुठे भांडण झालं.

नाईट होण्याआधीची परीक्षाही त्यानेच दिली. त्या परीक्षेचा एक भाग मोठा मजेशीर आहे. उमेदवाराला एका खोलीत सोडतात, आजूबाजूला किरकोळ प्राणी बागडत असतात, आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. लावलात की नापास. लेव्हलीमागे धावणाऱ्या पोरांचे हात इथे शिवशिवतात आणि बरेच जण इथेच आपटतात. छोट्या माउसवरून हात काढून शांत बसून राहिला आणि पहिल्या झटक्यात पास झाला. शेठने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि अभिनंदन स्वीकारलं.

मास्तर हे सगळं प्लायवूडच्या फटीतून पाहत होते. एकदा शटर ओढताना त्यांनी विचारलं, "हा घोडेस्वार कुणाचा?"

"घोडा नाही सर, पेको आहे. शेठभैय्याचा."

"आणि लढतो कोण?"

"मी."

"नाव काय म्हणालास? अंबर?" मास्तर हसले. मास्तरांना शहराचा इतिहास सांगायची खोड होती आणि ऐकणारा मिळाला की ते सोडत नसत. मलिक अंबर हबशी देशातलं पोर, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, या बाजारातून त्या बाजारात हात बदलत दख्खनेत आला. शिपाई झाला, पथकाचा नायक झाला, निजामशाहीचा कारभार हातात घेऊन मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. १६१० साली खडकी वसवली, तेच हे शहर. नहर खोदून पाणी आणलं. भडकल दरवाजा त्याचाच. "एवढ्या माणसाचं नाव घेतलं," मास्तर म्हणाले, "आणि त्याच्या जागी डमी बसवला."

डमी शब्दावर छोट्याने खाली पाहिलं. टायपिंगच्या जगात तो शब्द हळू आवाजात बोलतात. परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर बसणारा पोरगा म्हणजे डमी. मास्तरांच्या पाहण्यातला एक किस्सा पलीकडच्या खोलीतल्या सगळ्यांना पाठ होता. एका गृहस्थांनी डमी बसवून ४० चं प्रमाणपत्र मिळवलं आणि एका कचेरीत लागले. पहिल्याच दिवशी साहेबांनी पत्र टाइप करायला दिलं. गृहस्थ दुसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी बांधून आले. दारात सापडलं म्हणाले. पट्टी महिनाभर राहिली. मग डाव्या हाताला आली. साहेब बदलून गेले, नवे आले, की पट्टी पुन्हा उजव्या हाताला. पुढे कचेरीत त्यांचं नावच पट्टीवाले पडलं, आणि निवृत्तीच्या समारंभात बोटं धडधाकट पाहून शिपायाने मोठ्याने विचारलं, "साहेब, बरं वाटलं का?"

छोट्या या किश्श्याला दर वेळी हसायचा. त्या रात्री हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी खेळायला बसलाच.

दिवाळीला तीन दिवस उरले असताना अंबरकिंगची लेव्हल नव्वद झाली. सत्तरपर्यंतचे पैसे शेठने वेळच्या वेळी दिले होते. सत्तरच्या पुढचे हजार रुपये किल्ला घेतल्यावर देतो म्हणाला.

लढाई रविवारी होती. आठही कॉम्प्युटर भरलेले, मागे उभं राहायला जागा नाही. शेठ एक नंबरवर. शेजारी प्रीस्ट, म्हणजे जखमा भरणारा पुजारी, खेळणारा राजाबाजारचा पोरगा, पलीकडे धनुष्यबाणवाला, दोन जादूगार. छोट्या चहाची किटली घेऊन दाराशी. ठरलं असं की आधी नाईट आत शिरणार, मार स्वतःवर घेणार, आणि मागून बाकीचे.

सिडकोच्या पोरांनी दारातच सापळा रचला होता. त्यांचे जादूगार आधीपासून बर्फाचं वादळ सोडून बसले होते. या खेळात तलवार चुकवता येते, बाण चुकवता येतो, जादू चुकवता येत नाही. चपळाई तिथे शून्य. ती फक्त सोसता येते. अंबरकिंग आत गेला, गोठला, आणि शेठला बाटलीची कळ सापडेपर्यंत आडवा झाला. त्याच्यामागे शिरलेला प्रीस्ट उघडा पडला, तोही गेला.

"बाटली एफ-वनवर आहे, भैय्या."

"माहितीय मला!"

पुन्हा आत. पुन्हा आडवा. शेठची बोटं कळांवरून अशी फिरत होती, जशी परक्याच्या घरात अंधारात माणूस बटण शोधतो. तिसऱ्या वेळी त्याने वार करायच्या जागी भलतीच कळ दाबली आणि सिडकोच्या पोरांनी पडद्यावर हसण्याच्या खुणांची रांग लावली. आपली पोरंही हसली. शेठचा चेहरा उतरला.

"पांगळा बनवून ठेवलायस!" तो उठला. "बस तू. बस ना! तूच बनवलाय ना, दाखव."

छोट्याने किटली खाली ठेवली आणि बसला. सगळ्यांना वाटलं आता चमत्कार होणार. बोटं जागेवर गेली, अंबरकिंग सळसळत आत शिरला, बाटल्यांवर बाटल्या रिचवत शेठपेक्षा चार श्वास जास्त टिकला, आणि पडला. दुसऱ्यांदा सहा श्वास. बस्स. हात चांगला असून उपयोग नव्हता. सोसण्यात एकही गुण घातलेला नव्हता, आणि पावसाळाभर गुण कुठे घालायचे ते ठरवणारा हात हाच होता.

किल्ला सिडकोकडेच राहिला. गर्दी पांगली. कुणीतरी शेठला धीर द्यायला म्हणालं, "मलिक अंबर पण समोरासमोर थोडाच लढायचा, गनिमी काव्यानेच लढायचा." मास्तर वही मिटत होते, ते म्हणाले, "हो, पण कधी पळायचं आणि कधी थांबायचं हे तो स्वतः ठरवायचा. घोड्यावर स्वतः बसलेला असायचा."

राहिलेले हजार रुपये शेठने दिले नाहीत. "कशाचे? पांगळ्याचे?" मास्तरांनी छोट्याला विचारलं, "काही लिहून घेतलं होतंस?" वहीच्या मागच्या पानावर फक्त पासवर्ड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसून झाल्यावर छोट्याने सवयीने खेळ उघडला आणि तो पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, पासवर्ड चुकीचा आहे. त्याने परत टाकला, एकेक अक्षर बघून. तेच. शेठने रात्रीच बदलला होता, आणि खरं म्हणजे तो त्याचा हक्कच होता. छोट्या बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत बसला. अंबरकिंगच्या पिशवीत कुठल्या रांगेत किती बाटल्या आहेत हे त्याला तोंडपाठ होतं. तो कुठे बसवून ठेवलाय तेही माहीत होतं, प्राँटेराच्या कारंज्याजवळ. पण चार महिन्यांच्या रात्रींचं या जगात त्याच्या नावावर काही नव्हतं. त्याचं स्वतःचं पात्र बारा लेव्हलचं, जूनपासून तसंच पडलेलं.

मास्तरांनी पलीकडून हाक मारली. "चार नंबर रिकामं आहे."

चार नंबर म्हणजे गोदरेजचं जुनं मशीन, ज्याची स्पेसबार अर्धी दाबली तर पुढे जायची नाही. छोट्याला वाटलं, सर लगेच कळा दाखवतील. त्यांनी आधी बसायला शिकवलं. पाठ ताठ, कोपरं अंगाजवळ, मनगट अधांतरी, पाय जमिनीला टेकलेले. पहिले दोन दिवस तेवढंच. छोट्याला हसू आलं.

"काय झालं?"

"काही नाही सर. नॉव्हिसला पण आधी बसायला शिकावं लागतं."

मास्तरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी त्याच्या बोटांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं, म्हणजे कळा दिसू नयेत. पण ज्या पोराने नऊ कळांवर सबंध पावसाळा काढला त्याला झाकणाची भीती नव्हती. त्याची अडचण वेगळी होती. तो पहिल्या आठवड्यापासूनच वेगाने मारायला लागला आणि ओळी चुकांनी भरल्या. मास्तर एकेका चुकीला लाल गोल काढायचे आणि कागद परत द्यायचे. जोडाक्षरात घाई केली की मराठी मशीनचे दांडे एकमेकांत अडकतात, ते हाताने सोडवावे लागतात, बोटं शाईने काळी होतात. रात्री दहानंतर तो खेळायचा नाही असं नव्हे. अर्धा तास स्वतःचा तलवारबाज चालवायचा, बाकी वेळ चार नंबरवर. तलवारबाजाचे गुण या वेळी सोसण्यात घालत होता. होळीपर्यंत तो कसाबसा चाळिशीला पोचला, आणि मराठीचा वेग मिनिटाला पस्तीस शब्दांच्या वर गेला, चुका मोजक्या.

आणि मग शेठ पुन्हा आला. सोबत एक गृहस्थ, पांढरा शर्ट, बगलेत रेक्झिनची बॅग. छोट्याला बाहेर जिन्यावर बोलावलं. शेठच्या मावसभावाला टायपिंगचं प्रमाणपत्र हवं होतं, भरती निघणार होती. परीक्षा जवळ आलेली, त्याचा हात अजून आठ-दहा शब्दांवर.

"फोटोचं मी बघतो," बॅगवाले म्हणाले. "तू फक्त सात-आठ मिनिटं बसायचं. तीन हजार."

"आणि ते मागचे हजार पण देतो," शेठ म्हणाला. "जुनं सोड ना यार."

चार हजार. छोट्याच्या आठ महिन्यांचा पगार. खाली दुकानदार मिरच्या कांडत होता, खकाणा वर येत होता, तिघेही खोकत होते. छोट्याने चटकन नाही म्हटलं असं मी लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. आईच्या टोपलीवर त्या आठवड्यात पालिकेच्या माणसांनी दोनदा हात मारला होता, हेही त्याच्या डोक्यात असणार.

"भैय्या," तो शेवटी म्हणाला, "पास झालो तर लेव्हल कुणाच्या नावावर पडणार?"

"त्याच्या. अर्थात."

"मग पासवर्ड तो बदलेल."

बॅगवाल्यांना काही समजलं नाही. शेठला समजलं. त्याने काहीतरी उलट बोलायला तोंड उघडलं, पण खोकला आला. छोट्या जिना चढून वर गेला. मास्तरांना त्याने यातलं काही सांगितलं नाही. त्यांना ते कळलं शेठच्याच एका मित्राकडून, पुष्कळ नंतर. तोवर परीक्षा होऊन गेली होती. छोट्या स्वतःच्या प्रवेशपत्रावर, स्वतःच्या फोटोसह बसला होता.

मराठी ३० तो पहिल्याच बैठकीत पास झाला. इंग्रजी ४० ला मात्र आपटला, स्पेलिंगमध्ये, आणि पुढच्या वेळी निघाला. मावसभावासाठी बॅगवाल्यांनी दुसरा कुणी शोधला की नाही, ते शहागंजात कुणाला माहीत नाही. अंबरकिंग शेठने सिडकोच्याच एका पोराला विकून टाकला. छोट्याचा तलवारबाज पुढे नाईट झाला, पण किल्ला घ्यायची वेळ त्याच्यावर आलीच नाही, कारण तोवर टोळीतली निम्मी पोरं कामाधंद्याला लागली होती आणि कॅफे ओस पडत चालला होता. मोबाइलवरच इंटरनेट आल्यावर मास्तरांनी आठही कॉम्प्युटर विकले. टाइपरायटर आधीच भंगारात गेले होते, चार नंबर सोडून. छोट्या आज मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कचेरीत लिपिक आहे आणि सणाला शहागंजात येतो तेव्हा मास्तरांकडे डोकावून जातो.

टंकलेखनाची परीक्षा आता संगणकावर होते, पण लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग अजूनही लागतो. तुमच्या घरात कुणी यंदा भरतीच्या तयारीत असेल तर त्याला आजच क्लासला बसवा. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे.